बिनकान्याची मोटर

भोर,
रविवार, २३ फेब्रुवारी १९७५

प्रिय हनीफ,

तुझं कार्ड परवा पोचलं. म्हणजे पोस्टात ते त्याआधीच पोचलं होतं; पण तिथल्या दोघांनी, वाटेत हॉटेलवाल्यानं आणि शेवटी पोस्टमननं वाचून झाल्यावर उरलंसुरलं माझ्या हाती आलं. देताना पोस्टमन म्हणाला, "एक तारखेच्या आत जबाब द्या हनीफला, न्हाईतर त्यो कोलापुरातच अडकंल." खाजगी मजकूर उघड्या कार्डावर लिहिणार तू, आणि शहाणपणाचे डोस मला! म्हणून हे पाकीट. डिंक दोनदा लावला आहे.

तू तीनच ओळी लिहिल्यास, पण काम मोठं दिलंस. मोटारींच्या मेळ्यात लाउडस्पीकरवरून तुझं नाव पुकारलं आणि मैदानभर माणसांनी टाळ्या वाजवल्या, असं तुला एका ट्रकवाल्यानं सांगितलं. ते खरं, की पुन्हा कुणी तुझी टर उडवली? खरं असेल तर तिथल्या कारखान्यात कायम होण्याचा कागद एक तारखेला सही न करता परत देणार आणि भोरला येऊन गॅरेजचं कुलूप काढणार. टर असेल तर सही करून मोकळा होणार आणि आईलाही तिकडंच घेऊन जाणार. वर पुन्हा, 'सोनबा, तू लिहिशील तेच खरं मानीन.' हे वाक्य मी तीन दिवसांत बरेचदा वाचलं. एवढा भरवसा माझ्यावर आजवर फक्त आमच्या छापखान्याच्या मालकांनी टाकलाय, आणि त्याचं काय झालं ते आता सांगतोच.

पण आधी मागचं. तुला ते पाठ आहे, तरी मांडतो, कारण खरं लिही म्हणालास आणि खरं मधूनच सुरू करता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मेळ्यात तू जुन्या जीपच्या सांगाड्यावर स्वतःच्या हातानं बांधलेली गाडी खिंडीच्या चढाला घातलीस. पुण्या-मुंबईच्या रंगवलेल्या गाड्यांत तुझी एकटी बिनरंगाची. तिसऱ्या वळणावर ती बसली. लोकांनी ढकलत माथ्यावर नेली, आणि शर्यत पुरी करायचीच म्हणून तू शेवटपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाहीस. पुढच्या शुक्रवारी आमच्या साप्ताहिकातल्या 'चिमटा' या निनावी सदरात ते छापून आलं, मथळा 'धक्कास्टार्ट'. शनिवारपासून शाळेतल्या पोरांना काय आणि मामलेदार कचेरीतल्या शिपायांना काय, तू 'धक्का हनीफ'. माणसं गॅरेजपुढं थांबून "ढकलू का?" विचारायची. सहा आठवडे तू ते ऐकलंस आणि मग कोल्हापूर गाठलंस. तेव्हापासून भोरात पाऊल नाही. आईला भेटायचं तर तिला कापूरहोळच्या फाट्यावर बोलावतोस, ती एस.टी.नं येते, तू ट्रकनं येतोस, हमरस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या डबा घेतोस आणि परत. मुलगा आणि आई असं फाट्यावर भेटतात हे मला खुद्द त्या आईनं, बानोचाचीनंच सांगितलं. तेव्हा मी काहीतरी विनोद केला होता. काय केला ते आता आठवत नाही.

तर यंदाची हकिगत. ती सुरू होते माझ्यापासून, आणि याचं मला मुळीच भूषण नाही. मेळ्याचं मोठं पत्रक दरवर्षी मीच जुळवतो. छापखान्यात मला शुद्धलेखनाचे फौजदार म्हणतात हे तुला ठाऊक आहे. 'आशीर्वाद'ची वेलांटी चुकवली म्हणून मी एका वरबापाला चहासुद्धा न देता घालवलं होतं. मजकूर असा होता: 'चौथी भव्य मोटार शर्यत व प्रदर्शन', आणि खाली 'राजवाडा मैदान, भोर तालुका'. वीतभर उंचीची लाकडी अक्षरं, एस.टी.तल्या माणसालाही दिसावीत म्हणून. सगळं जुळवून झालं आणि काने संपले. बाहेरच्या माणसाला वाटतं, काना म्हणजे काय, एक उभी काठी, मारली की झालं. छापखान्यात ती काठीही खणात असावी लागते. मजकुराला काने हवे होते सात, खणात निघाले सहा. सातवा गेल्या पावसाळ्यात मालकांनी खिडकीला टेकू म्हणून ठोकला होता, तो पाणी पिऊन तिथंच फुगून बसलेला.

मग कुणाचातरी काना कापणं आलं. 'राजवाड' केलं तर राजवाड्याचा अपमान, 'तालुक' केलं तर मामलेदारांचा, आणि 'मैदन' म्हटलं तर लोक मैदा समजून पोळपाट घेऊन येतील. मी मालकांना म्हटलं, मोटार काय आणि मोटर काय, सारं भोर मोटरच म्हणतं. मालकांनी पान लावता लावता मान हलवली. आणि 'चौथी भव्य मोटर शर्यत' पाचशे कागदांवर उमटली.

तू मिस्त्री आहेस, घोळ तुझ्या एव्हाना लक्षात आला असेल. भोरची वेस ओलांडली की रस्त्यावर धावते ती 'गाडी', आणि 'मोटर' म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसणारी. विजेवर चालो की डिझेलवर, तीच मोटर. पत्रकं एस.टी.च्या पाठीला चिकटून वेल्ह्याला गेली, पानशेतला गेली, आणि साऱ्या मुलखानं शांतपणे अर्थ लावला, की भोरला पाण्याच्या मोटरींची शर्यत आहे आणि बक्षीसही आहे. शर्यत म्हटल्यावर घरी बसायची आपल्याकडं रीत नाही.

मेळ्याचा शनिवार उजाडला. मैदानावर यंदा काय थाट होता म्हणून सांगू! टायरवाल्यांनी टायरांच्या कमानी केलेल्या, तेलवाल्यांनी डबे रचून मनोरे उभे केलेले. एका कंपनीनं इंजिन अर्धं कापून आतून तांबडा रंग दिला होता आणि ते हळूहळू फिरत होतं; बायका तोंडाला पदर लावून "अगं बया, जित्या इंजिनाचं पोट फाडलंय" म्हणून बघत होत्या. शर्यतीच्या मोटारसायकली फिरत्या चौथऱ्यावर, त्यांच्याभोवती कातडी कोट घातलेली पुण्याची पोरं, आणि त्या पोरांभोवती आपली पोरं. इतक्यात फाटकाकडून घुंगरांचा आवाज आला. बैलगाड्या. एकामागं एक तेवीस. प्रत्येक गाडीत गोणपाटात गुंडाळलेलं डिझेल इंजिन, पंप, रबरी पाइपांची वेटोळी आणि वर बसलेलं आख्खं घर.

फाटकावर मेळा भरवणाऱ्या मंडळाचे पुण्याचे चिटणीस नोंदवही घेऊन बसले होते. पहिल्याच गाडीवर होत्या अक्काबाई. या वेल्ह्याच्याही पलीकडच्या, साठीच्या, एकट्यानं शेती करणाऱ्या. शुक्रवारी पहाटे निघून वरव्याला भाचीकडं मुक्काम करून आलेल्या. चिटणिसांनी वर न बघताच विचारलं, "गाडीचा नंबर?" अक्काबाई म्हणाल्या, "बैलास्नी नंबर असतोय व्हय रं?" मग त्यांनी वर पाहिलं. ते सांगत होते की बाई, ही मोटारींची शर्यत आहे, आणि अक्काबाई म्हणत होत्या, "मंग ही काय म्हस हाय? मोटरच हाय की!" शेवटी त्यांनी पत्रकच पुढं केलं. "म्या काय वाचाया शिकले न्हाई, पर ग्रामसेवकानं तीनदा वाचून दावलंय. मोटर लिवलंय का न्हाई?" चिटणिसांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग गर्दीतून मला शोधायला माणूस सुटला.

त्या घटकेला मी कापलेल्या इंजिनामागं लपलो होतो हे तुला म्हणून सांगतो. बाहेर यावंच लागलं. मंडळाचे लोक माझ्याकडं असे बघत होते, जणू मी काना नाही, त्यांची एखादी गाडी विकून खाल्ली. तेवीस गाड्या परत पाठवल्या तर दंगा. आत घेतल्या तर करायचं काय? मेळाच यंदा शेवटचा ठरतो की काय अशी वेळ आली. आणि तोड काढली ती डेपोतल्या फिटरनं, आपल्या चिमाजीनं. त्याचं नाव वाचून कपाळाला आठी घालू नकोस, पुढं वाच. कातडी कोटवाली पोरं सकाळपासून धुळीनं खोकत होती. मैदानावर पाणी मारल्याशिवाय मोटारसायकली सोडणार नाही म्हणून अडून बसली होती आणि पाण्याचा टँकर काही आला नव्हता. चिमाजी म्हणाला, "हितं नदी हाय, तेवीस मोटरी हायेत, आन तुमी टँकरची वाट बघताय व्हय?" नियमही त्यानंच तिथल्या तिथं केले. राजवाड्यामागच्या घाटावर जोडीजोडीनं उतरायचं. गाडीवरून मोटर उतरवण्यापासून नदीचं पाणी वर दहा पिंपांत भरेपर्यंत ज्याचा वेळ कमी तो पुढं. भरलेलं पाणी मैदानावर. चिटणिसांच्या गळ्यातली शिट्टी त्यानं काढून घेतली, त्यांनी ती दिलीही.

मग जे झालं ते शब्दांत पकडणं अवघड आहे, आणि मी शब्दांवरच जगतो. धडधड, धूर, हाळ्या. टायरांच्या कमानी ओस पडल्या आणि माणूस न् माणूस घाटावर. कातडी कोटवाली पोरं कोट काढून पाइप ओढायला लागली. तेलवाल्यानं फुकट तेल वाटलं आणि टेबलासकट खाली येऊन बसला. पण बहुतेकांच्या मोटरी नदीतून पाणी घ्यायच्या ऐवजी हवा खात होत्या. पाइपात पाणी ओतावं, इंजिन चालू करावं, की खालून सारं पाणी नदीत परत. पुन्हा ओता, पुन्हा हँडल मारा. जो तो ओरडत होता, "फुटबॉल गळतोय, फुटबॉल!" पुण्याचा एक कंपनीवाला मला विचारतो, "इथं सामनापण आहे का?" मी त्याला सांगितलं, की पाइपाच्या बुडाशी पाणी धरून ठेवणारा जो फुटव्हॉल्व असतो त्याला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात आणि तो गळत असेल तर सामना तिथंच संपतो.

अक्काबाईंच्या मोटरीचा मात्र फुटबॉल गळला नाही. दोन कळशा पाइपात ओतल्या, बाईंनी पदर खोचून स्वतः हँडल मारलं, आणि पाइपानं एक उचकी दिली ती थेट पाण्याचीच. पहिल्या फेरीत समोर सासवडचा एक गडी, दुसऱ्या फेरीत पानशेतचे बाजीराव, सरपंचाचे थोरले बंधू, कोरी करकरीत मोटर घेऊन आलेले. बाईंची दहा पिंपं भरून वाहत होती तेव्हा बाजीरावांचं तिसरं पिंप निम्मं. ते बिचारे मान खाली घालून म्हणाले, "बाई, लई झालं, आता बंद करा, माजं धोतार भिजलं." शेवटची फेरी बाईंनीच मारली. मैदानावर असं पाणी फिरलं, की दुपारी मोटारसायकलींची शर्यत झाली तेव्हा धुळीचा कण उडाला नाही. चिखल मात्र मंडळाच्या अध्यक्षांच्या पांढऱ्या टोपीपर्यंत उडाला. लोकांनी दोन्ही गोष्टींना सारख्याच टाळ्या दिल्या.

आता तुझा प्रश्न. बक्षीस द्यायला मंडळाकडं पंपाजोगं काहीच नव्हतं, म्हणून मोटारसायकलवाल्यांसाठी आणलेलं एक तांबडं हेल्मेट त्यांनी बाईंना दिलं. बाईंनी ते पदरावरूनच डोक्यात घातलं, वाजवून बघितलं आणि लाउडस्पीकरपुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्या बोलल्या ते मी तिथल्या तिथं पत्रकाच्या पाठीमागं लिहून घेतलं, म्हणजे तुला देताना त्यात माझी भर पडायला नको. "ही मोटर म्या न्हाई जिकली. चार वर्सामागं ही मेली हुती. पुण्याच्या माणसानं सांगितलं, भंगारात घाला. तवा भोरच्या हनीफ मिस्त्रीनं तिला जिती केली. आमच्या घरची जुनी चामड्याची मोट माळ्यावर पडली हुती, तिच्या चामड्याचा तुकडा कापून त्यानं फुटबॉलात बशिवला. म्हनला, अक्का, ही मोट तुमच्या सासऱ्यानं वडली, आता मोटरीत वडंल. चार वर्सं झाली, थेंब गळला न्हाई. कुठं हाय त्यो? त्याला म्होरं करा."

हनीफ, मैदान गप्प झालं. मी तुला खोटं सांगणार नाही. ती शांतता टाळ्यांच्या आधीची नव्हती, लाजेची होती. तिथं असं कोण होतं, ज्यानं तुला एकदातरी 'ढकलू का?' विचारलं नव्हतं? शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, हनीफ कोल्हापूरला असतो. बाई उसळल्या. "कोलापूरला? मंग हितं काय समद्यांच्या मोटरी चांगल्या हायेत? आता हवा खाताना म्या बघितल्या की! असला माणूस गावातनं जातो, आन तुमी जाऊ देता?" त्यावर पहिली टाळी वाजवली पानशेतच्या बाजीरावांनी, भिजल्या धोतरासकट. मग सगळ्यांनी. कुणी 'धक्का' म्हणालं नाही. मी कान देऊन ऐकत होतो. मला त्याची धास्ती होती. टर नव्हती. ट्रकवाल्यानं सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं. अक्काबाई खाली उतरल्यावर सात जण मला म्हणाले, हनीफ येणार असेल तर मोटर घरी नेतच नाही, तशीच गॅरेजवर सोडतो. दोन इंजिनं खरोखरच तुझ्या दारात पडून आहेत. बानोचाचीनं त्यांच्यावर वाळवणाचं कापड टाकलंय.

हसले लोक, भरपूर हसले, पण ते मला. रविवार उजाडायच्या आत माझं नाव 'बिनकान्याचा सोनबा' पडलं होतं. हॉटेलात शिरलो की "मास्तर, एक कप चह द्यू का?" न्हाव्याकडं गेलो तर तो म्हणतो, कान दोन्ही आहेत का आधी मोजून घेतो. शाळेच्या फळ्यावर कुणीतरी 'सोनब' लिहून ठेवलं, तेही सुवाच्य अक्षरात. पहिले दोन दिवस मी त्यांच्याबरोबर हसलो. तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीनं घरी गेलो. चौथ्या दिवशी मालकांना म्हटलं, आठवडाभर पुण्याला भावाकडं जाऊन येऊ का? आणि म्हणता म्हणता तू आठवलास. माझं नाव तर एका आनंदाच्या दिवसामुळं पडलं होतं. लोक पाठीवर थाप मारून ते घेत होते. तरीही मला गाव सोडावंसं वाटायला चारच दिवस लागले. तू सहा आठवडे काढलेस.

आता चिमाजी. कार्डाच्या कडेला तू लिहितोस, मेळ्यात तो पुढं पुढं करत होता म्हणे, त्याचं तोंड बघावं लागणार असेल तर मी येत नाही. त्याचं नाव तुझ्या मनात कसं बसलं ते मला माहीत आहे. सदराचं नाव 'चिमटा', याचं नाव चिमाजी. आणि त्या शुक्रवारी डेपोच्या कँटीनमध्ये अंक मोठ्यांदा वाचून घेतला तोही यानंच. गावानं दोन आणि दोन मिळवून बावीस केले. चिमाजी सुरुवातीला थोडा फुगलाही होता, हे कबूल. चौथीतून शाळा सुटलेल्या माणसाला कुणी लेखक समजत असेल तर त्याला गुदगुल्या होणारच. पण तू बोलणं टाकल्यावर तो तुझ्या दारात तीनदा येऊन गेला, आईची शपथ घेतली, आणि तू आतून कडी काढली नाहीस. मेळ्यात अक्काबाई उतरल्यावर त्यानं लाउडस्पीकर घेतला तो एवढंच सांगायला, की पुढच्या मेळ्यात फाटकातून आत शिरल्यावर पहिला गाळा हनीफचा, आणि तो मांडायला तो स्वतः येईल. त्याला तू पुढं पुढं करणं म्हणतोस. दोन वर्षं दाबून ठेवलेलं आता लिहितो.

'चिमटा' मी लिहितो, हनीफ. पहिल्या अंकापासून मीच लिहितो. लोकांना वाटतं, खिळे जुळवणारा माणूस दुसऱ्यांचे शब्द जुळवतो. मलाही ते सोयीचं होतं. 'भोरमध्ये प्रथमच अकरा मनुष्यशक्तीची मोटार', हे वाक्य तुला आठवत असेल. चिमाजी त्या दिवशी चढाच्या पायथ्याशी होता, तिसऱ्या वळणावर किती माणसं होती हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. अकरा कोण मोजणार? त्या अकरांतलाच एक. तुझ्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाशी माझा खांदा होता, आणि ढकलता ढकलता मला ते वाक्य सुचलं, आणि ते इतकं आवडलं की घरी येईतो धीर निघाला नाही. बास, एवढंच कारण. तुझ्याबद्दल मनात काहीही नव्हतं. वाक्य चांगलं होतं. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीची आमची गाडी बारा वर्षं तू बिनबोभाट चालू ठेवलीस, आणि मी तुला एका वाक्यापायी गावातून घालवलं. अक्काबाई 'तुमी जाऊ देता?' म्हणाल्या तेव्हा माझ्याशेजारी चिमाजीच उभा होता आणि त्यानं मान खाली घातली. खाली जायची ती मान माझी होती. मी गुरुवारी बानोचाचीकडं जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "मला ठाव हाय. चिमाज्याला कारबुरेटर नीट बोलाया येत न्हाई, त्यो मनुष्यशक्ती कुठनं लिवंल? आन दोन ईदा झाल्या, शिरखुर्म्याला तू आला न्हाईस, त्यो येऊन गेला." तुला सांगितलं का नाही असं विचारलं तर म्हणाली, "ज्याचं त्यानं सांगावं." काल डेपोत जाऊन चिमाजीला सांगितलं. तो गाडीखाली झोपून काम करत होता. मला नुसते त्याचे पाय दिसत होते. मग आतूनच म्हणाला, "मंजे दोन वर्सं त्यो माझ्याशी बोलला न्हाई, ते तुज्यापायी?" मी हो म्हटलं. येत्या शुक्रवारच्या अंकात माझ्या नावानिशी सगळं छापतो, असंही म्हटलं. तेव्हा तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "अंक मागनं काढ. आदी हनीफला लिव. त्याचं उत्तर आल्याबिगर माझ्याकडं येऊ नगंस." म्हणून हे लिहिलं. सही करायची की नाही ते तू ठरव. फक्त ठरवताना गावाचा आणि चिमाजीचा हिशेब माझ्या नावावर धर, आणि आलास तर आधी त्याच्या दारात जा.

तुझाच, ठेवशील तर,
सोनबा